बॉयलरवाल्याचं कार्ड

हॉस्पिटलच्या चादरीची घडी एकटीनं घालता येत नाही. घरातली येते, पण ही लांब असते, जाड असते आणि रोलरमधून बाहेर पडते तेव्हा हाताला चटका देते. म्हणून हॉस्पिटलच्या तळघरातल्या आमच्या लॉन्ड्रीत घडीला जोड्या असतात. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, मागे सरून ताणायची, एक झटका द्यायचा, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि टोकं एकीच्या हातात सोपवायची. माझी जोडी वहिनीशी. रक्तानं ती माझी कोणीच नाही. तिचा नवरा आमच्याच लॉन्ड्रीच्या बॉयलरवर होता, त्याला मी दादा म्हणायचे, म्हणून ती वहिनी. राहायलाही आम्ही शेजारी, मध्ये एक पत्र्याची भिंत. त्यांच्याकडे मिरची चुलीवर पडली की शिंका मला यायच्या.

वहिनी म्हणजे मूग गिळून बसणारी बाई. मी तोंडाळ. सगळी लॉन्ड्री मला टरकून असते आणि ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू? पण जोडी अशीच लागते. दोघी बोलक्या असतो तर निम्म्या चादरी जमिनीवर लोळल्या असत्या.

दादा बुटका आणि रुंद होता. कानांच्या मागची काजळी कितीही घासली तरी निघायची नाही. बॉयलरला तो ‘बाई’ म्हणायचा. “आज बाई रुसलीय,” म्हणायचा, “कोळसा ओला दिलाय तिला.” वाफ तयार झाली की तो पाइपवर पाना आपटायचा, आणि तो आवाज पाइपातून आमच्या खोलीपर्यंत यायचा. बाकीच्या बायका कपाळाला आठ्या घालायच्या, कारण आवाज आला म्हणजे काम आलं. वहिनी मात्र हसायची. नवऱ्यानं पाना आपटला म्हणून हसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. तीही एवढ्या वर्षांच्या संसारानंतर.

दोघं डोंगरातल्या जमातीतले. लहान असताना त्यांच्या वस्तीतले लोक कामासाठी खाली शहरात आले आणि इथलेच झाले. जन्म वर, जंगलात. जन्मतारीख कोणी लिहिली नाही, कारण लिहिणारा तिथे कोणी नव्हता. शाळा नव्हती म्हणून शाळेचा दाखला नाही. काम ठेकेदाराकडे, आणि आमचा ठेकेदार कागदावर कोणाला घेत नाही. कागद म्हटलं की त्याला कापरं भरतं. तेव्हा दादाकडे आपण कोण आहोत हे सांगणारी एकच गोष्ट होती, जमातीचं कार्ड. त्यांच्या जमातीचं मंडळ आहे, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली. तिथे एक म्हातारा प्रमुख बसतो, सगळे त्याला मामा म्हणतात. मामा प्रत्येकाला ओळखतो. कोणाचा आजा कोणत्या ओढ्याकाठी राहायचा ते तो तोंडपाठ सांगतो, मग सही करतो, शिक्का मारतो आणि स्वतः प्लॅस्टिकच्या यंत्रातून कार्ड काढून देतो. दादाच्या कार्डावरच्या फोटोतसुद्धा कान काळे होते.

हे कार्ड जमातीत चालायचं. मदत कचेरीच्या खिडकीवर चालायचं नाही.

दादाला खोकला लागला तेव्हा ही खिडकी आमच्या आयुष्यात आली. कोळसा, राख आणि धुण्याच्या सोड्याची वाफ छातीत बसलेली. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं, भरती व्हावं लागेल, फुकट होईल, पण मदत कचेरीचा कागद आणा. कागदासाठी ओळख आणा. ज्या चादरी त्यानं जन्मभर उकळल्या, त्यांच्यावर आडवं व्हायला त्याला ओळख लागत होती. मला त्या दिवशी जे बोलावंसं वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सोबत होते. लांब खोली, एकमेकांना जोडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वर कुरकुरणारा पंखा, समोर जाळीची खिडकी. खिडकीत एक चष्मेवाला बसलेला. वयानं लहानच, कपाळ मात्र म्हाताऱ्याचं. त्यानं कार्ड उलटंपालटं केलं.

“हे काय आहे?”

“कार्ड आहे साहेब. जमातीचं.”

“ते दिसतंय. सरकारी काही आहे का? जन्माचा दाखला?”

“जन्मलो तेव्हा लिहायला कोणी नव्हतं.”

“मग जन्मलात कशावरून?”

रांगेत हशा पिकला. दादाही हसला. चष्मेवाल्यानं कार्ड जाळीखालून परत सरकवलं. “हे तुम्ही तुमच्या लोकांना देता, काका. आमच्याकडे चालत नाही. पुढचे या.”

मी भांडायला तोंड उघडलं तर दादानं माझा दंड धरून बाहेर आणलं. म्हणाला, “ताई, तो तरी काय करणार? त्याला कुठे माहितीय माझा आजा कोण?”

त्यानंतर त्यानं त्या कचेरीचे उंबरे झिजवले. ठेकेदाराची चिठ्ठी नेली, चालली नाही. हॉस्पिटलच्या मुकादमाला घेऊन गेला, मुकादम चालला नाही. एकदा तर घरमालकिणीला नेलं. ती बया तिथे म्हणाली, “भाडेकरू आहे, पण माणूस म्हणून मी कशी खात्री देऊ?” घरी आल्यावर मी तिला अशी खात्री दिली की ती आठवडाभर नळावर आली नाही. दादा मात्र दर वेळी कार्ड पुसून, शर्टाच्या खिशात घालून जायचा आणि तसाच परत यायचा. खोकला वाढत गेला. बॉयलरपाशी तो बसून कोळसा टाकायला लागला. पाना आपटायचा, पण आवाज हळू यायचा, आणि वहिनी हसायच्या आधी कान देऊन ऐकायची.

आणि मग नियम आला. मामा इतकी वर्षं वरच्या साहेबांकडे खेटे घालत होता, त्याला यश आलं. खिडकीशेजारी कागद चिकटवला होता, तो मी दादाला वाचून दाखवला: जमातीच्या मंडळानं दिलेलं ओळखपत्र यापुढे सर्व लाभांसाठी ग्राह्य धरावं. दादानं तो पुन्हा वाचायला लावला. मग पुन्हा. तोवर रांगेतल्या सगळ्यांचा तो पाठ झाला.

चष्मेवाला तोच होता. त्यानं कार्ड घेतलं, एका यंत्राखाली धरलं, यंत्रानं टिक केलं.

“चालेल.”

दादानं जाळीला कान लावला. “काय म्हणालात?”

“चालेल म्हटलं, काका. आता नियम झालाय.”

“जरा मोठ्यानं म्हणता? मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे.”

चष्मेवाला हसला. खरंच हसला, आणि मान वर करून अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, “यांचं कार्ड चालेल!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा लाजला नि खोकला, आणि खोकता खोकताच त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. वहिनी खाली बघत होती. पदराचं टोक तिनं बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं.

त्या एका कार्डावर दोन गोष्टी मिळाल्या. दादाला हॉस्पिटलात खाट मिळाली. आणि त्यांच्या एकुलत्या एका पोरीला दूरच्या शहरातल्या नर्सिंग शाळेत वसतिगृहाची जागा मिळाली, कारण ती जागा लाभधारक कुटुंबातल्या मुलींसाठी होती. पोरगी हुशार. लहानपणापासून पत्र्याच्या भिंतीपलीकडून तिची पाढ्यांची घोकंपट्टी ऐकून मलाच पाढे यायला लागले होते. जाताना तिनं बापाच्या पायांवर डोकं ठेवलं तर तो म्हणाला, “तिथे कोणी विचारलं कोण, तर सरळ सांग. आता सांगायला हरकत नाही.”

पण वरातीमागून घोडं ते. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आणायला हवं होतं. मी म्हटलं, “दोन वर्षं आधी तो इथे खाली तळघरातच होता डॉक्टर, तुमच्या पायांखाली. वर यायला कागद नव्हता.” चांगला माणूस होता, उगाच त्याच्यावर ओरडले. कोणावर ओरडायचं तेच मला कळत नव्हतं.

खाटेवर पडल्या पडल्या दादा चादरीची घडी बघायचा. “ही तुमच्या जोडीची नाही,” म्हणायचा, “टोक सुटलंय.” उशाला त्याचा एकच चांगला, पांढरा शर्ट टांगलेला असायचा. त्याच्या खिशाला झाकण आणि बटण होतं आणि खिशात कार्ड. नवीन नर्स आली की विचारण्याच्या आधीच तो म्हणायचा, “सिस्टर, कार्ड आहे हं आपल्याकडे.” आणि एके दुपारी, आम्ही खाली घड्या घालत असताना, तो वर गेला. वॉर्डातला शिपाई की कोण तो सांगायला आला. वहिनीच्या हातात तेव्हा दोन टोकं होती. तिनं ती सोडली नाहीत. माझ्याकडे चालत आली, घडी पुरी केली, ढिगावर ठेवली आणि मग गेली.

त्यांच्यात पुरतात. आम्ही लॉन्ड्रीतल्या बायकांनी एक नवी चादर दिली. वहिनीनं त्याला अंघोळ घातली आणि तोच पांढरा शर्ट चढवला. जमातीतली एक म्हातारी म्हणाली, “खिशात काहीतरी आहे गं. बघ काढून.”

“कार्ड आहे,” वहिनी म्हणाली. “असू दे.”

“अगं, कुठेतरी लागेल.”

“त्यांनाच लागेल. इथे दारोदार अडवलं त्यांना. आता तिथे तरी कोणी अडवायला नको.” आणि तिनं खिशाच्या झाकणाचं बटण लावलं.

इतकं लांबलचक वाक्य मी तिच्या तोंडून क्वचितच ऐकलं होतं. मामाही तिथेच उभा होता. सगळ्यांनाच ते बरोबर वाटलं. मला तर ते इतकं बरोबर वाटलं की मी घरी जाऊन दार लावून रडले. पोरगी पोहोचली तेव्हा माती सारून झाली होती. चार दिवस राहिली आणि परीक्षा आहे म्हणून आईनंच तिला परत धाडलं.

मग वसतिगृहातून निरोप आला. कुटुंबप्रमुख वारला आहे, तर लाभ आईच्या नावावर करून घ्या, नाहीतर जागा राहणार नाही. आम्ही निवांत होतो. वहिनीचं स्वतःचं जमातीचं कार्ड होतंच, आणि ते आता चालत होतं. मृत्यूचा दाखला घेऊन आम्ही खिडकीवर गेलो. चष्मेवाल्यानं ओळखलं. “काका गेले का?” म्हणाला आणि खरंच हळहळला. दाखला घेतला, वहिनीचं कार्ड यंत्राखाली धरलं, टिक झालं.

“आता काकांचं कार्ड द्या.”

“ते कशाला?” मी विचारलं.

“मयताचं कार्ड जमा करावं लागतं, मावशी. दुसऱ्या कोणी वापरू नये म्हणून. ते यंत्राखाली धरलं की संगणक पुढचं पान उघडतो, तिथे यांचं नाव लागतं. नाहीतर महिनाअखेर लाभ बंद आणि मुलीची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.”

मीच म्हटलं, “हरवलं असं लिहून दिलं तर?”

“मग चौकशी लागते. सहा महिने कुठे गेले नाहीत. वर्षही लागतं. तोवर जागा थांबत नाही.”

“हरवलेलं नाही,” वहिनी म्हणाली. “त्यांच्याजवळ आहे.”

“कोणाजवळ?”

“त्यांच्याजवळ.”

चष्मेवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं त्याला, कार्ड कुठे आहे ते. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग उठून आत गेला, त्याच्या मॅडमकडे. बराच वेळ गेला. मागची रांग कुरकुरायला लागली, तिच्यावर मी डोळे वटारले, ती थांबली.

परत आला तेव्हा तो खिडकीपाशी बसला नाही, उभाच राहिला. “मॅडमना फार वाईट वाटलं,” म्हणाला. “पण कार्ड धरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. आमच्या हातात नाही, मावशी.”

तेव्हा माझा तोल गेला. “इतकी वर्षं तो हेच कार्ड घेऊन इथे उभा राहिला! तेव्हा नको होतं तुम्हाला! तेव्हा ‘जन्मलात कशावरून’! आणि आता तो मेला कशावरून, तर कार्डावरून, होय?” चष्मेवाला खाली मान घालून ऐकत राहिला. भांडणारा माणूस परवडतो. खाली मान घालणाऱ्याचं करायचं काय? वहिनीनं मला बाहेर नेलं, जसं दादा न्यायचा.

आम्ही मामाकडे गेलो. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातल्या त्याच्या यंत्राकडे बघत बसला. खाली दुकानात कोणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं.

“नंबर माझ्याकडे आहे,” तो अखेरीस म्हणाला. “फोटोही आहे. जसंच्या तसं दुसरं छापू शकतो मी. कोणाला कळणारही नाही.”

“मग छापा की!” मी म्हटलं.

“नको,” वहिनी म्हणाली.

मामानं मान हलवली. त्याला तेच उत्तर हवं होतं आणि नकोही होतं. “पोरी, हा नियम अजून ओला आहे. पहिल्याच वर्षी कोणी एक खोटं कार्ड धरलं की म्हणतील, बघा, यांची कार्डं अशीच. एकाच्या खोट्यापायी सगळ्यांचं खरं बुडेल.” मग त्यानं टोपी काढली नि म्हणाला, “पण तुला हवं असेल तर मी छापतो. बुडालं तर बुडालं. त्याच्यासाठी छापतो.”

“ते म्हणाले असते का, छापा?” वहिनीनं विचारलं. मामानं टोपी परत घातली.

त्या आठवड्यात मी तिला समजावलं. पोरीला घरी आण, म्हटलं. लॉन्ड्रीत लावू. मी नाही का जगले? आपण दोघी आहोत, तिला सांभाळू. दुपारच्या सुट्टीत पोरीचा फोन आला. वहिनीला कमी ऐकू येतं म्हणून ती फोनचा आवाज मोठा ठेवते, त्यामुळे मलाही ऐकू आलं. रोगी खाटेवर असतानाच त्याच्या अंगाखालची चादर कशी बदलायची, ते तिला शिकवलं होतं. “आई, बाई म्हणाल्या, तुला हे कोणी शिकवलं? मी म्हटलं, माझी आई घडीवाली आहे. सगळ्या मुलींना माझ्याकडून शिकायला लावलं!” वहिनी हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. फोन ठेवला, आम्ही कामाला लागलो. नवा बॉयलरवाला पाना आपटत नाही, तो घंटा वाजवतो.

एक चादर ताणून धरली होती आम्ही. वहिनी माझ्याकडे चालत येताना म्हणाली, “ताई, मी काढून आणते.”

“काय?”

“कार्ड.”

मी टोकं घ्यायला विसरले. चादर खाली पडली.

“पोरगी इथे यायची नाही,” ती म्हणाली. “त्या सोड्यात नाही. त्यांनी छाती घालवली तेवढी पुरे.” आणि वाकून तिनं चादर उचलली, झटकली आणि माझ्या हातात पुन्हा टोकं दिली.

मामानं सगळं आपल्या अंगावर घेतलं. दफनभूमीच्या राखणदाराशी तोच बोलला, तो जमातीतलाच होता. सकाळी लवकर गेलो, लोक यायच्या आत. पोरीला कळवायचं नाही असं ठरलं होतं. राखणदार आणि त्याचा भाऊ खणत होते. माती अजून भुसभुशीत होती, फार वेळ लागला नाही. माझी अशी इच्छा होती की वेळ लागावा.

राखणदार खाली उतरायला लागला तर वहिनीनं त्याला थांबवलं. “मी उतरते. त्यांना परक्याचा हात नको.”

मी घरून एक जुनी चादर नेली होती. आडोसा म्हणून मी आणि मामानं ती धरली, खड्ड्याकडे पाठ करून. मामाला चादर धरता येत नव्हती, त्याचं टोक सारखं लोंबत होतं. मी त्याच्यावर खेकसले, “मामा, वर धरा ना जरा!” तो म्हातारा रडत होता, त्याच्या हातांत बळच नव्हतं, आणि मी त्याच्यावर खेकसत होते. मी पाहिलं काही नाही. ऐकलं फक्त. कापड उलगडल्याचा आवाज आला, तो आवाज मी झोपेतही ओळखीन. मग बराच वेळ काहीच नाही. मग तिचं बोलणं ऐकू आलं, हळू, आमच्याशी नव्हे. “जरा थांबा हं. बटण घट्ट बसलंय.”

तिला वर काढलं तेव्हा कार्ड तिच्या मुठीत होतं. राखणदारानं माती सारली. ती पूर्ण सारून होईपर्यंत वहिनी तिथेच उभी राहिली. मग नळावर हात धुतले, कार्ड धुतलं आणि म्हणाली, “चला, कचेरी उघडली असेल.”

खिडकीवर पहिला नंबर आमचा. चष्मेवाल्यानं कार्ड हातात घेतलं आणि सवयीनं म्हणून गेला, “हे ओलं कसं काय?” शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. पण तेवढ्यात त्याला वहिनीच्या नखांतली माती दिसली, आणि त्याचा चेहरा असा उतरला की मला शिव्या द्यायलाही जमलं नाही. त्यानं रुमाल काढून कार्ड पुसलं. यंत्राखाली धरलं. एकदा टिक झालं नाही. वहिनीनं खिडकीची कड धरली. त्यानं पुन्हा पुसलं, पुन्हा धरलं. टिक झालं.

“झालं, मावशी. मुलीची जागा पक्की.” आणि मग खणातून कात्री काढली.

“ते काय करताय?” मी ओरडले.

“रद्द करावं लागतं. नियम...”

“ते परत द्या,” वहिनी म्हणाली. “काम झालं ना? मी परत नेऊन ठेवते. तिथे कोण वापरणार आहे?”

“कापलेलं जमा करावं लागतं, मावशी. मोजतात ते.”

त्यानं कापलं. प्लॅस्टिक जाड होतं, कात्री अडली, त्यानं दोन्ही हात लावले. फोटोच्या मधोमध चीर गेली. दोन्ही तुकडे त्यानं एका पाकिटात घातले, पाकिटावर काहीतरी लिहिलं आणि मागच्या डब्यात टाकलं. डब्यात तशी बरीच पाकिटं होती. मग यंत्रातून निघालेली पावती त्यानं वहिनीला दिली. तिनं ती नीट घडी घालून पदरात बांधली, आणि त्याला म्हणाली, “बरं आहे, साहेब.”

बाहेर आलो. कचेरीच्या पायरीवर ती बसली. मी म्हटलं, वहिनी, झालं एकदाचं, पोरीला फोन करू या, आनंद होईल तिला. मी आपली बडबडत होते. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, तळहात वर करून, जणू तो तिचा नव्हताच. आणि मग ती जी रडायला लागली, ती मला आवरेना. रस्त्यातले लोक थांबले. दादा गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती, पुरला तेव्हाही नाही.

“जन्मात कधी त्यांच्या खिशात हात घातला नव्हता गं मी, ताई,” ती म्हणाली. “काही लागलं की मी मागायचे. ते स्वतः काढून द्यायचे.”